मज्जारज्जु : निरोप्या कीं कारभारी ?

स्वयंपाकघरांत गृहिणी शेगडीवरचें भांडें उतरवीत असते. हातांतलें फडकें निसटतें आणि बोट तापलेल्या कडेला लागतें. हात झटकन् मागें येतो. ‘आई ग !’ हा उद्गार मागाहून निघतो आणि बोटाची आग होत आहे ही जाणीव तर हात सुटल्यानंतरच होते. घटना इतकी नेहमींची, कीं तिच्यांतील नवल कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. भाजलें हें कळण्यापूर्वींच हात मागें घेण्याचा हुकूम सुटलेला होता. मग तो दिला कोणीं ? शरीराचा राजा मेंदू खरा. परंतु त्याच्या दरबारीं फिर्याद अजून पोंचलीहि नव्हती.

हुकूम देणारा अधिकारी मेंदूहून खालच्या दर्जाचा, पण जागेवर हजर असलेला असा होता. त्याचें नांव मज्जारज्जु. शाळेच्या पुस्तकांत त्याचें वर्णन बहुधा एका ओळींत उरकलेलें असतें : मेंदूचे निरोप शरीराला व शरीराचे निरोप मेंदूला पोंचविणारी दोरी. हें वर्णन खोटें नाहीं; पण अर्धेंच खरें आहे. मज्जारज्जु निरोप्या आहे, तसाच तो कारभारीहि आहे. या दुसऱ्या अर्ध्या भागाची ओळख नसल्यामुळें अपघाताच्या जागीं, दवाखान्यांत आणि रोग्याच्या उशाशीं सुशिक्षित घरांतून देखील चुका होतात, नसती भीति वाटते आणि कधीं कधीं खोटी आशाहि बाळगली जाते.

श्रोत्यांनीं आपला हात मानेच्या मागें न्यावा आणि मधल्या रेषेवरून खालीं फिरवीत आणावा. बोटांना एकाखालीं एक असे टणक उंचवटे लागतील. ते मणक्यांचे कांटे होत. मूल जन्मतें तेव्हां त्याच्या कण्यांत ३३ मणके असतात : मानेंत ७, पाठींत १२, कमरेंत ५, त्याखालीं त्रिकास्थीचे ५ आणि शेवटीं माकडहाडाचे ४. खालचे नऊ पुढें एकमेकांस चिकटून जातात. वरचे चोवीस जन्मभर सुटे व हलते राहतात. प्रत्येक मणक्याची पुढची बाजू म्हणजे वजन पेलणारा एक जाड गोल ठोकळा, आणि मागची बाजू म्हणजे एक हाडाची कमान. या कमानी एकीवर एक रचल्या गेल्यानें मानेपासून कमरेपर्यंत एक बोगदा तयार होतो. मज्जारज्जूचा मुक्काम त्या बोगद्यांत असतो. बोलतांना पुष्कळ लोक कणा आणि मज्जारज्जु यांना एकच समजतात. पण कणा हा वाडा आहे आणि मज्जारज्जु हा वाड्यांत राहणारा धनी आहे. वाड्याची भिंत दुखावली म्हणजे धनी मेलाच असें नाहीं. परंतु मोडकी भिंत बेतालपणें हलविली, तर सुखरूप राहिलेला धनीहि तिच्याखालीं चिरडला जातो. ही गोष्ट पुढें फार कामास येणारी आहे.

हा धनी दिसावयास अगदीं सामान्य आहे. पुरुषांत त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर, स्त्रियांत त्याहून थोडी कमी, जाडी करंगळीएवढी, वजन सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे तीन तोळ्यांइतकें. एवढ्याशा वस्तूचें रक्षण करण्यासाठीं निसर्गानें मात्र हात आंखडता घेतलेला नाहीं. हाडांच्या बोगद्याच्या आंत त्याला तीन आवरणें आहेत. बाहेरचें चिवट व जाड. मधलें कोळ्याच्या जाळ्यासारखें तलम. आणि आंतलें अंगाला घट्ट बसलेलें, अत्यंत नाजुक. मधल्या आणि आंतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मेंदू व मज्जारज्जु या दोहोंभोंवतीं मिळून तो सुमारें १५० मिलिलिटर भरतो. पण दिवसाकाठीं तो जवळ जवळ अर्धा लिटर नवा तयार होतो आणि जुना रक्तांत शोषला जातो. कारभाऱ्याच्या गादीखालचें पाणी अशा रीतीनें दिवसांतून तीन-चार वेळां बदललें जातें.

मज्जारज्जु कण्याच्या टोंकापर्यंत जातो अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसें नाहीं. तो कवटीच्या तळाशीं असलेल्या मोठ्या छिद्रापाशीं सुरू होतो आणि प्रौढ माणसांत कमरेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या दरम्यान संपतो. गर्भाच्या आरंभींच्या महिन्यांत रज्जु व कणा यांची लांबी सारखी असते. पुढें कणा भराभर वाढतो आणि रज्जु मागें पडतो. त्याच्यापासून निघालेल्या मज्जातंतूंना मात्र आपापल्या जुन्या दारानेंच बाहेर पडावयाचें असतें. त्यामुळें कमरेच्या खालच्या भागांत रज्जु नसून, खालीं लोंबणाऱ्या मज्जातंतूंचा एक झुबका असतो. तो घोड्याच्या शेंपटासारखा दिसतो, म्हणून शारीरशास्त्रांत त्याला अश्वपुच्छ असें नांव पडलें आहे.

ही माहिती केवळ पंडितांच्या कामाची आहे असें मात्र कोणी समजूं नये. मुलाला जोराचा ताप येतो, मान ताठते, शुद्ध हरपूं लागते. मेंदूच्या आवरणांना सूज आली असावी असा डॉक्टरांना संशय येतो आणि ते कमरेंतून पाणी काढून तपासावयास सांगतात. त्याबरोबर घरांतील कोणी वडीलधारें माणूस हात जोडून म्हणतें, ‘तेवढें नको, डॉक्टर. पाठींतलें पाणी काढलें कीं माणूस पांगळा होतो.’ या भीतीपायीं मोलाचे तास फुकट जातात. वस्तुस्थिति अशी, कीं सुई टोंचतात ती कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या, किंवा चौथ्या व पांचव्या मणक्यांमधून. म्हणजे जेथें रज्जु नाहींच, तेथें. द्रवांत तरंगणारे अश्वपुच्छाचे तंतु सुईपुढून बहुधा बाजूला सरकतात. क्विंके या जर्मन वैद्यानें १८९१ सालीं ही पद्धत रूढ केली, ती शरीररचनेच्या याच ज्ञानावर विसंबून. पाणी केव्हां काढूं नये याचेहि नियम आहेत आणि ते पाहूनच डॉक्टर सुई हातीं धरतात.

त्याच वाटेनें पुढें भूल देण्याची युक्ति निघाली. १८९८ सालीं जर्मनींतील कील शहरीं ऑगस्ट बीअर या शस्त्रवैद्यानें कमरेच्या द्रवांत औषध घालून खालचें अंग बधिर करतां येतें हें दाखविलें. रोग्यांवर प्रयोग केल्यावर त्यानें व त्याच्या सहाय्यकानें तोच प्रयोग एकमेकांवर करावयाचें ठरविलें. सहाय्यकाच्या नडगीवर हातोडीनें ठोके मारले, जळती सिगार टेंकविली. त्याला वेदना म्हणून झाली नाहीं. मात्र मागाहून दोघांचींहि डोकीं चांगलींच दुखलीं. कमरेंत सुई टोंचल्यावर कांहीं जणांना होणारी डोकेदुखी ती हीच; थोडासा द्रव पाझरल्यानें ती होते आणि बहुधा कांहीं दिवसांत थांबते. आज असंख्य माता शस्त्रक्रियेनें बाळंत होतांना जाग्या असतात आणि मुलाचें पहिलें रडें कानांनीं ऐकतात, तें याच युक्तीमुळें.

आतां वाड्याच्या आंत डोकावून पाहावें. रज्जूचा आडवा छेद घेतला तर बाहेरचा भाग पांढरा दिसतो आणि मधोमध पंख पसरलेल्या फुलपांखरासारखी एक करडी आकृति दिसते. पांढरा भाग म्हणजे रस्ते. वर जाणारे व खालीं येणारे लक्षावधि तंतु तेथें जुड्या बांधून चाललेले असतात, आणि त्यांवरील स्निग्ध वेष्टनामुळें त्यांना तो पांढरा रंग येतो. करडा भाग म्हणजे कचेरी. तेथें मज्जापेशी बसलेल्या असतात. आलेली बातमी त्या घेतात, एकमेकींशीं विचारविनिमय करतात आणि हुकूम सोडतात. रज्जूच्या दोन्ही बाजूंनीं मिळून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात : मानेच्या ८, पाठीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. हातांचा व पायांचा कारभार मोठा, म्हणून त्यांच्या जोड्या जेथून निघतात तेथें रज्जु जरा फुगीर झालेला असतो.

प्रत्येक तंतूला दोन मुळें असतात. एक रज्जूच्या पुढच्या बाजूचें, दुसरें मागच्या बाजूचें. दोन मुळें कशासाठीं, हें कोडें शतकानुशतकें सुटलें नव्हतें. इंग्लंडांत चार्ल्स बेल यानें १८११ सालीं पुढच्या मुळाचा स्नायूंच्या हालचालीशीं संबंध असल्याचें दाखविलें आणि फ्रान्समध्यें मजांदी यानें १८२२ सालीं कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दोन्ही मुळांचा निवाडा लावला. मागल्या दारानें बातमी आंत येते. पुढल्या दारानें हुकूम बाहेर जातो. या साध्या वाटणाऱ्या नियमावर मज्जासंस्थेच्या अर्वाचीन शास्त्राची इमारत उभी आहे.

आधीं निरोप्याचें काम पाहूं गेल्यास त्यांतहि विलक्षण शिस्त आढळते. सर्व निरोप एकाच वेगानें जात नाहींत. जाड वेष्टनाच्या तंतूंतून बातमी सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धांवते. कांहीं वेदनांची बातमी बारीक, उघड्या तंतूंतून सेकंदाला एखाद्या मीटरच्या संथ चालीनें येते. अंधारांत पायाचा अंगठा उंबऱ्याला आपटला, तर ठेंच लागली हें लगेच कळतें; पण ती खोल, ठसठसणारी कळ क्षणभरानें येते. जासूद एकाच वेळीं निघाले, पण एक घोड्यावर होता आणि दुसरा पायीं.

शिवाय त्यांचे मार्गहि निराळे आहेत. मेंदूच्या उजव्या अर्धाकडून शरीराची डावी बाजू चालविली जाते, हें पुष्कळांना ठाऊक असतें. पण रस्ते एका ठिकाणीं ओलांडत नाहींत. हालचालीचे हुकूम बहुतांशीं मेंदूच्या बुडाशीं बाजू बदलतात आणि मग रज्जूंतून खालीं येतात. सूक्ष्म स्पर्शाची आणि हातपाय कोणत्या स्थितींत आहेत याची बातमी त्याच बाजूनें वर चढते आणि मेंदूच्या बुडाशीं पोंचल्यावर बाजू बदलते. दुःखाची व उष्णशीताची बातमी मात्र रज्जूंत शिरल्यावर लवकरच पलीकडे जाते. मॉरिशस बेटांत १८१७ सालीं जन्मलेल्या ब्राऊन-सेकार या वैद्यानें याचा अर्थ उलगडून दाखविला. एखाद्याच्या पाठींत सुरा लागून रज्जूचा केवळ उजवा अर्धा भाग तुटला, तर त्याच्या उजव्या पायांतील शक्ति जाते, पण त्या पायाला टांचणी टोंचलेली कळते. डावा पाय चालतो, पण निखाऱ्यावर पडला तरी त्याला दाद नसते. ऐकणाऱ्यास ही गोष्ट विसंगत वाटावी. परंतु रस्त्यांचा नकाशा ज्याच्या हातीं आहे तो वैद्य तेवढ्यावरून जखम कोठें व किती खोल हें सांगूं शकतो.

कारभाऱ्याचें काम याहून मनोरंजक आहे. खुर्चीवर पाय लोंबते सोडून बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीखालीं हलकेच ठोका मारला, तर पाय आपोआप पुढें उडतो. एर्ब व वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनीं १८७५ सालीं या प्रतिक्षेपाचें महत्त्व दाखवून दिलें. ठोक्यानें मांडीचा स्नायु किंचित् ताणला जातो, त्याची बातमी कमरेच्या भागांतील रज्जूंत शिरते, तेथें एकच सांधा ओलांडते आणि हुकूम होऊन परत फिरते. सेकंदाच्या सुमारें विसाव्या हिश्शांत हें सारें उरकतें. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात ती गंमत म्हणून नव्हे. कारभारी जागा आहे कीं नाहीं, आणि त्याच्यावर मेंदूचा वचक कितपत आहे, हें ते त्या लाथेवरून अजमावतात.

याहून गुंतागुंतीचा न्यायनिवाडाहि रज्जु स्वतःच करतो. अनवाणी चालतांना कांटा रुतला कीं तो पाय वर उचलला जातो. पण तेवढेंच झालें असतें तर माणूस कोसळला असता. म्हणून त्याच क्षणीं दुसऱ्या पायाला ताठ उभें राहण्याचा हुकूम मिळतो. पाय उचलतांना पुढचे स्नायु आंखडावयाचे, तर मागच्यांना सैल पडण्याची ताकीद द्यावी लागते. नाहीं तर दोन्ही बाजू एकमेकींशीं झोंबत बसतील. ‘कर’ म्हणण्याबरोबरच ‘थांब’ म्हणणें हाहि कारभाराचाच भाग आहे, हें सर चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें वर्षानुवर्षें परिश्रम करून सिद्ध केलें. १९३२ चें नोबेल पारितोषिक त्याला एड्रिअनसमवेत मिळालें. वरून मेंदूहि कारभाऱ्याला आवरूं शकतो. पाहुण्यांसमोर धरलेला चहाचा पेला चटका बसूं लागला तरी गृहस्थ तो टाकून देत नाहीं, खालीं ठेवतो. तेथें खालचा हुकूम वरून रोखला गेलेला असतो.

‘थांब’ हा शब्द नाहींसा झाला तर काय होतें, याचें भयंकर उदाहरण म्हणजे धनुर्वात. जखमेंत वाढणाऱ्या जंतूंचें विष मज्जातंतूंच्या वाटेनें रज्जूपर्यंत चढतें आणि तेथील आवर घालणाऱ्या पेशींचें तोंड बंद करतें. मग जरासा आवाज, जरासा उजेड झाला तरी सगळे स्नायु एकदम आंवळतात. दांतखीळ बसते आणि पाठ धनुष्यासारखी वांकते. जुन्या वैद्यांनीं रोगाला दिलेलें नांव किती समर्पक होतें ! उलट बालपक्षाघातांत, म्हणजे पोलिओंत, विषाणु रज्जूच्या पुढच्या भागांतील हुकूम देणाऱ्या पेशींनाच मारतो. अवयव लुळा पडून बारीक होतो, परंतु स्पर्श व वेदना पूर्ववत् कळतात, कारण मागलें दार शाबूत असतें. हे दोन्ही शत्रु लसीनें रोखले जातात. भारतांत निसर्गतः वावरणाऱ्या पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला आणि २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन २०१५ सालीं मान्य झालें. पण धनुर्वाताचे जंतु मातींत कायमचेच आहेत, म्हणून त्याच्या लसीची गरज संपलेली नाहीं.

रज्जूला होणाऱ्या इजेची कथा फार जुनी आहे. एडविन स्मिथच्या नांवानें ओळखली जाणारी मिसर देशांतील पपायरसची गुंडाळी साडेतीन हजार वर्षांपूर्वींची आहे. मानेचा मणका सरकला म्हणजे माणसाला आपल्या हातापायांची जाणीव राहत नाहीं, असें तींत नोंदलेलें असून, या दुखण्यावर उपचार करावयाचा नाहीं असा निकालहि दिलेला आहे. इजेचा परिणाम ती किती उंचीवर झाली यावर अवलंबून असतो. पाठींत झाली तर पाय जातात. मानेच्या खालच्या भागांत झाली तर हातहि सांपडतात. आणि मानेच्या अगदीं वरच्या भागांत झाली तर श्वासच थांबतो, कारण छाती व पोट यांमधील पडद्याला हलविणारे तंतु मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या भागांतून निघतात. मलमूत्राचें नियंत्रण रज्जूच्या सर्वांत खालच्या टोंकांत असल्यामुळें इजा कोठेंहि झाली तरी तें बहुधा बिघडतें.

हातांतील एखादा मज्जातंतु तुटला तर तो दिवसाला सुमारें एक मिलिमीटर या बेतानें पुन्हां वाढूं शकतो. रज्जूंतील तंतु मात्र तुटल्यावर थोडीशी धडपड करून थांबतात. स्पेनचा थोर शास्त्रज्ञ काखाल यानें सूक्ष्मदर्शकांतून ही धडपड पाहिली आणि १९२८ च्या आपल्या ग्रंथांत निराशेनें नमूद केली. एकदां झालेली हानि भरून निघणें असें दुर्घट असल्यामुळें ती न होऊं देणें, आणि झाली तर वाढूं न देणें, यालाच सर्वांत अधिक महत्त्व आहे.

येथें वाडा आणि धनी यांचा फरक कामास येतो. उन्हाळ्यांत मुलगा विहिरींत सूर मारतो आणि पाणी उथळ निघतें, मोटारसायकल घसरते, कोणी गच्चीवरून पडतो. मणका मोडला असतो, पण रज्जु कदाचित् अजून सुरक्षित असतो, किंवा अर्धवटच दुखावलेला असतो. अशा वेळीं चार दयाळू लोक धांवतात, दोघे काखेंत हात घालून त्याला उठवून बसवितात, कोणी पाणी पाजतो आणि सर्व मिळून त्याला रिक्षांत दुमडून घालतात. उपकार करण्याच्या घाईंत अपकार घडण्याची ही वेळ असते. ज्याला पडल्यावर मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला असेल, अवयव हलवितां येत नसेल, अथवा जो बेशुद्ध असेल, त्याचा रज्जु धोक्यांत आहे असें धरूनच चालावें. त्याला बसवूं नये, उभें करूं नये, डोक्याखालीं उशी देऊं नये, पाणी पाजूं नये. एकानें त्याच्या डोक्याशीं बसून दोन्ही हातांनीं डोकें आहे त्या स्थितींत स्थिर धरावें आणि दुसऱ्यानें महाराष्ट्रांत १०८ किंवा देशभर चालणाऱ्या ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आग, पाणी किंवा धांवती रहदारी यांचा धोका असेल तरच त्याला हलवावें. श्वास चालतो कीं नाहीं हें मात्र सर्वांच्या आधीं पाहावें. श्वास अडला असेल तर तो मोकळा करणें हें पहिलें कर्तव्य. वांती होऊं लागली तर डोकें, मान व धड एका रेषेंत ठेवून, लांकडाचा ओंडका लोटावा तसें सर्वांनीं मिळून त्याला कुशीवर वळवावें. उचलणें अटळच झालें तर चौघापांचांनीं एकदम, आणि रुंद फळीवर उचलावें.

इस्पितळांत पोंचल्यावर घरच्या माणसांच्या परीक्षेचा काळ सुरू होतो. जबर इजेनंतर आरंभीं रज्जूचा खालचा भाग जणूं मूर्च्छित पडतो. पाय अगदीं ढिले असतात, गुडघ्यावर ठोका मारला तरी उडत नाहींत. कांहीं दिवसांनीं अगर आठवड्यांनीं ही मूर्च्छा ओसरते. एके दिवशीं पांघरूण सारतांना पाय एकदम आंखडतो. उशाशीं बसलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी येतें. ‘पाय हलला’ अशी वार्ता घरभर होते, नवस फेडले जातात. डॉक्टर मात्र रोग्याला विचारतात, ‘तुम्हीं स्वतः हलविलात का ?’ त्याचें उत्तर ‘नाहीं’ असें असतें. पाय हलविला तो कारभाऱ्यानें. राजाचा हुकूम अजून खालीं पोंचलेला नसतो. हा भेद त्या आईला कोणीं तरी हळुवारपणें समजावून दिला पाहिजे. नाहीं तर पुढची निराशा पहिल्या आघाताहून कठीण जाते. त्याचबरोबर हेंहि खरें, कीं रज्जु पूर्णपणें तुटलेला नसेल, तर पहिल्या महिन्यांत बरीच सुधारणा होऊं शकते. म्हणून खरी आशा कोणती, याचा निर्णय उडणाऱ्या पायावरून न करतां, रोग्याच्या इच्छेनें झालेल्या अगदीं बारीक हालचालीवरून आणि त्याला कळणाऱ्या स्पर्शावरून करावयाचा असतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळीं रज्जु तुटलेले बहुतेक सैनिक थोड्याच अवधींत मरत. त्यांना रज्जूची जखम मारीत नसे. एकाच कुशीवर पडून झालेले व्रण आणि मूत्रमार्गांतील जंतु मारीत. हें ओळखून ज्यानें मिसरच्या त्या जुन्या निकालावर फेरविचार करावयास लावला, तो लुडविग गुटमान हा जर्मनींतून परागंदा झालेला ज्यू वैद्य. इंग्लंडांतील स्टोक मँडविल येथें १९४४ च्या फेब्रुवारींत त्यानें आपला विभाग उघडला. त्याचे उपाय दिसावयास क्षुल्लक होते : रात्रंदिवस दर दोन तासांनीं कूस बदलावयाची, त्वचा रोज पाहावयाची, मूत्राशय स्वच्छतेनें रिकामें करावयाचें आणि रोग्याला निजून राहूं द्यावयाचें नाहीं, त्याला कामाला आणि खेळाला लावावयाचें. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन होत असतांना, त्यानें चाकाच्या खुर्चींत बसलेल्या १६ जणांचा धनुर्विद्येचा सामना भरविला. पॅरालिंपिकचें मूळ तें हेंच.

त्या मुळाची एक फांदी महाराष्ट्रापर्यंत पोंचली आहे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें अंग लुळें पडलें. ते पोहावयास शिकले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील सामन्यांत ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पॅरालिंपिकमधील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. रज्जूचा एक भाग बंद पडला तरी वरचा सारा माणूस शिल्लक असतो, हें याहून स्पष्ट कोणी सांगावें ?

खालच्या कारभाऱ्याचें काय ? त्यालाहि शास्त्रानें अगदींच सोडून दिलेलें नाहीं. २०१८ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञांनीं इजा झालेल्या जागेच्या खालीं रज्जूवर विजेचे सूक्ष्म, वेळ साधून दिलेले धक्के देऊन, कित्येक वर्षें पांगळ्या झालेल्या तीन माणसांना आधारानें पावलें टाकावयास लाविलें. त्या तिघांच्या रज्जूंत कांहीं धागे शाबूत होते आणि हा उपाय अजून घरोघरच्या रोग्याच्या हातीं येण्याजोगा नाहीं. पण त्यानें एक गोष्ट ठाम सिद्ध झाली. इजेच्या खालचा रज्जु मेलेला नसतो. चालण्याची कला त्याला येत असते. तो हुकुमाची वाट पाहत कचेरींत बसलेला असतो.

शेगडीपाशीं भाजलेलें बोट सोडविणारा तो हाच. त्याच्या कामाची कोणी कधीं चौकशी करीत नाहीं, आणि तो सुरक्षित आहे तोंवर करण्याची गरजहि पडत नाहीं. परंतु रस्त्यावर कोणी पडलेला दिसला, तर त्याला उठवावयास पुढें झालेला हात क्षणभर थांबवावा आणि त्याच हातानें त्याचें डोकें स्थिर धरावें.